संरक्षित प्रदेशातील तेल आणि ‘परवडण्याचा’ प्रश्न : अलास्कातील आर्क्टिक अभयारण्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

अमेरिकेच्या अलास्का राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, ब्रुक्स पर्वतरांग आणि ब्यूफोर्ट समुद्र यांच्या दरम्यान, सुमारे १५ लाख ६० हजार एकरांचे एक वृक्षहीन मैदान आहे. वर्षातील बराच काळ ते बर्फाखाली असते. रस्ता नाही, शेती नाही. समुद्राकाठी एक लहानसे गाव आहे, एवढीच काय ती मानवी वस्ती. या मैदानाखाली खनिज तेल असावे असा भूवैज्ञानिकांचा अंदाज आहे. ते काढावे की तसेच राहू द्यावे, हा प्रश्न गेली चाळीसहून अधिक वर्षे अमेरिकन काँग्रेसपुढे पुन:पुन्हा येत राहिला आहे. सरकारे बदलली, तेलाचे भाव दहा डॉलरपर्यंत उतरले आणि शंभराच्या वर चढले, तरी वाद शमला नाही.

या वादात दोन्ही बाजूंनी आकडे मांडले जातात आणि दोन्ही बाजूंचे आकडे बहुतांशी खरे असतात. म्हणूनच हा विषय अर्थशास्त्र, भूगोल, जीवशास्त्र, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र शिकविणाऱ्यांनी एकत्र बसून पाहण्याजोगा आहे. ‘हे परवडते काय?’ असा साधा वाटणारा प्रश्न विचारला असता हिशेब कसा मांडला जातो, त्यात काय मोजले जाते आणि कोण मोजणीतून निसटते, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याने उघडे ठेवलेले दार

या प्रदेशाला पहिले संरक्षण मिळाले ते ६ डिसेंबर १९६० रोजी. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत गृहखात्याचे मंत्री फ्रेड सीटन यांनी सुमारे ८९ लाख एकरांचे राष्ट्रीय वन्यजीव क्षेत्र घोषित केले. (अमेरिकेत ‘गृहखाते’ म्हणजे पोलिसांचे नव्हे, तर सार्वजनिक जमिनींचा कारभार पाहणारे खाते, हे येथे लक्षात ठेवावे.) या निर्णयामागे ओलॉस म्यूरी आणि मार्गारेट म्यूरी या दांपत्याने १९५६ मध्ये शीनजेक नदीच्या खोऱ्यात केलेल्या अभ्यासमोहिमेचा मोठा वाटा होता.

आठच वर्षांनी, १९६८ मध्ये, तेथून पश्चिमेस प्रूडो उपसागराच्या काठी उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठा तेलसाठा सापडला. तेथील तेल दक्षिणेकडील वॅल्डीझ बंदरापर्यंत नेणारी ८०० मैलांची नलिका १९७७ मध्ये सुरू झाली. साहजिकच शेजारच्या मैदानाकडे तेलकंपन्यांचे आणि राज्य सरकारचे लक्ष गेले.

२ डिसेंबर १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या अलास्का भूमिसंवर्धन कायद्याने अभयारण्याचा विस्तार सुमारे १ कोटी ९० लाख एकरांपर्यंत, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ एक चतुर्थांशापर्यंत, केला आणि त्यातील सुमारे ८० लाख एकर ‘निर्जन प्रदेश’ म्हणून कायमचे राखून ठेवले. किनाऱ्यालगतच्या मैदानाबाबत मात्र तडजोड झाली. कायद्याच्या कलम १००२ ने तेथील तेलाचा आणि वन्यजीवांचा अभ्यास करण्यास सांगितले, तर कलम १००३ ने काँग्रेसने स्पष्ट अनुमती दिल्याखेरीज तेथे तेल-उत्पादन करता येणार नाही असे ठरविले. ‘१००२ क्षेत्र’ हे रूक्ष नाव मैदानाला चिकटले ते तेव्हापासून. तेथे उत्खननाला बंदी असली, तरी ती उठविण्याचा मार्ग कायद्यातच लिहून ठेवलेला आहे. पुढील सर्व संघर्षाचे मूळ या रचनेत आहे.

१९८७ मध्ये गृहखात्याने मैदान भाडेपट्ट्याने देण्याची शिफारस केली. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन वॅल्डीझ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळून सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल प्रिन्स विल्यम सामुद्रधुनीत सांडले आणि अनुकूल वारे फिरले. १९९५ मध्ये काँग्रेसने अर्थविषयक विधेयकात उत्खननाची तरतूद घातली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. डिसेंबर २००५ मध्ये सिनेटर टेड स्टीव्हन्स यांनी ही तरतूद संरक्षणखर्चाच्या विधेयकाला जोडून पाहिली. चर्चा थांबविण्यासाठी लागणारी ६० मते न मिळाल्याने तीही गळून पडली. मोठ्या विधेयकाच्या शेपटीला बांधूनच हा प्रश्न वारंवार पुढे रेटला गेला, ही गोष्ट राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी नोंदवावी अशी आहे.

तेल किती?

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९९८ मध्ये केलेला अंदाज आजही प्रमाण मानला जातो. त्यानुसार केंद्र सरकारच्या ताब्यातील १००२ क्षेत्रात तांत्रिकदृष्ट्या काढता येण्याजोगे तेल ४.३ ते ११.८ अब्ज पिंपे असावे. मध्यम अंदाज ७.७ अब्ज पिंपांचा. लगतच्या मूळनिवासींच्या जमिनी आणि राज्याच्या अखत्यारीतील समुद्र धरला, तर हा मध्यम आकडा १०.४ अब्ज होतो.

येथे दोन्ही पक्षांची एकेक आवडती क्लृप्ती दिसते. विरोधक म्हणतात, अमेरिका दररोज सुमारे दोन कोटी पिंपे तेल वापरते, म्हणजे हा सारा साठा दीड वर्षालाही पुरणार नाही. गणित बरोबर आहे, पण ते काहीच सिद्ध करीत नाही. कोणताही देश एका साठ्यावर आपली सगळी गरज भागवीत नाही. याच कसोटीने पाहिले, तर प्रूडो उपसागराचा साठाही ‘दोन वर्षांचा’ ठरेल. आणि त्याने तर एका राज्याची अर्थव्यवस्था चार दशके पोसली. दुसरीकडे, समर्थक हे तेल निघाले की पेट्रोल स्वस्त होईल असे सुचवितात. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने २००८ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार अनुमती मिळाल्यापासून पहिले पिंप बाहेर यायला सुमारे दहा वर्षे लागणार होती आणि मध्यम साठा गृहीत धरता २०२५ च्या सुमारास तेलाचा भाव पिंपामागे अवघ्या ७५ सेंटांनी उतरणार होता. तेलाचा बाजार जागतिक आहे. एका मैदानातील उत्पादन त्यात सहज जिरून जाते.

‘परकीय तेलावरील परावलंबन’ हा २००० च्या दशकातील प्रमुख युक्तिवाद होता. तो काळानेच मोडीत काढला. टेक्सास, न्यू मेक्सिको, नॉर्थ डाकोटा येथील शेल खडकांतून तेल काढण्याचे तंत्र रुळल्यावर अमेरिकेचे कच्च्या तेलाचे उत्पादन २००८ मधील दररोज सुमारे ५० लाख पिंपांवरून २०२३ मध्ये सुमारे १ कोटी २९ लाख पिंपांवर गेले. हे सारे आर्क्टिक मैदानाला हात न लावता घडले.

तेल खरोखरच आहे काय, हेही निश्चित नाही. मैदानाच्या हद्दीत आजवर एकच विहीर खोदली गेली, १९८५-८६ मध्ये, मूळनिवासींच्या मालकीच्या जमिनीवर. तिचे निष्कर्ष कंपन्यांनी कसोशीने गुप्त ठेवले. २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एका जुन्या न्यायालयीन दाव्याचा माग काढून ते निराशाजनक असल्याचे वृत्त दिले. एका विहिरीवरून साऱ्या मैदानाचा निकाल लावता येत नाही हे खरे; पण ज्या तेलावर चार दशके रणे माजली, ते अद्याप अंदाजातच आहे.

हिशेबाची मांडणी

खर्च-लाभ विश्लेषणाच्या दृष्टीने या विषयावरील एक महत्त्वाचा अभ्यास मॅथ्यू कॉचेन आणि निकोलस बर्गर यांचा, २००७ मधील, ‘एनर्जी पॉलिसी’ या नियतकालिकातला. पिंपाला ५३ डॉलर भाव धरला तर आर्थिकदृष्ट्या काढण्याजोग्या ७.०६ अब्ज पिंपांचे मूल्य ३७४ अब्ज डॉलर होते आणि ते काढून बाजारात आणण्याचा खर्च १२३ अब्ज डॉलर. उरणारे २५१ अब्ज डॉलर कंपन्यांचा नफा, राज्याचा कर आणि केंद्राचा कर यांत वाटले जातात. एवढी रक्कम समोर दिसल्यावर ‘परवडते’ हे उत्तर ठरल्यासारखेच वाटते.

परंतु या लेखकद्वयाने तेथे थांबणे नाकारले, आणि त्यांच्या अभ्यासाचे खरे महत्त्व त्यातच आहे. वन्यप्रदेश गमावण्याची किंमत काय, हे सांगण्याचा दावा त्यांनी केला नाही. त्याऐवजी त्यांनी प्रश्न उलटा केला : ती किंमत किती असली म्हणजे लाभ आणि हानी यांची तोंडमिळवणी होईल? उत्तर आले, प्रौढ अमेरिकन नागरिकामागे सरासरी १,१४१ डॉलर. भावाच्या वेगवेगळ्या गृहीतकांनुसार ५८२ ते १,७८२ डॉलर. म्हणजे सरासरी नागरिक ‘एवढी भरपाई मिळाल्याशिवाय मी हे मैदान सोडणार नाही’ असे म्हणत असेल, तर उत्खनन तोट्याचे.

जी जागा आपण कधी पाहणार नाही तिच्यासाठी कोणी असे का म्हणावे? १९६७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉन क्रुटिला यांनी या प्रश्नाला शास्त्रीय प्रतिष्ठा दिली. एखादी निसर्गनिर्मित गोष्ट केवळ आहे, एवढ्यानेही माणसाला काही मिळत असते. ती नष्ट झाल्यास त्याचे नुकसान होते, जरी त्याने तेथे पाऊलही ठेवलेले नसले तरी. याला पुढे अस्तित्वमूल्य म्हटले जाऊ लागले. शेकडो मैलांवरच्या देवराईविषयी आपल्याला वाटणारी आस्था हा त्याचाच प्रकार म्हणता येईल.

हे मूल्य मोजायचे कसे, यावर मात्र अर्थशास्त्रात मोठे वादंग माजले. आणि त्याचे निमित्तही अलास्काच होते. एक्सॉन वॅल्डीझ अपघातानंतर राज्य सरकारने देशभरच्या कुटुंबांना थेट प्रश्न विचारून एक पाहणी करविली : असा आणखी एक अपघात टाळण्यासाठी तुम्ही किती पैसे द्याल? कुटुंबामागे मध्यक उत्तर सुमारे ३१ डॉलर आले. सुमारे नऊ कोटी कुटुंबांनी गुणल्यावर रक्कम २.८ अब्ज डॉलर झाली. केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या नोबेलविजेत्यांच्या समितीने १९९३ मध्ये काही कडक अटी घालून ही पद्धत ग्राह्य मानली. पीटर डायमंड आणि जेरी हॉसमन यांनी ती अजिबात विश्वासार्ह नाही असे प्रतिपादन केले. लोक अशा वेळी किंमत सांगत नाहीत, केवळ सद्भावना व्यक्त करतात, असा त्यांचा रोख होता.

३१ आणि १,१४१ हे आकडे शेजारी ठेवून ‘बघा, लोकांना एवढे काही वाटत नाही’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. पहिला आकडा ‘टाळण्यासाठी खिशातून किती द्याल’ याचा आहे, दुसरा ‘सोडून देण्यासाठी किती घ्याल’ याचा. खिशातून देण्याला उत्पन्नाची मर्यादा असते, घेण्याला नसते. कोणता प्रश्न विचारायचा, हे मालकी कोणाची मानली यावर अवलंबून आहे. अभयारण्य कायद्याने जनतेचे असेल, तर जनतेला ते वाचविण्यासाठी पैसे द्यायला सांगणे म्हणजे घरमालकाकडूनच भाडे मागण्यासारखे आहे. कॉचेन आणि बर्गर यांनी दुसरा प्रश्न निवडला, तो या अर्थाने योग्यच होय.

तरीही ‘सरासरी नागरिक’ या संकल्पनेत एक अडचण दडलेली आहे आणि ती प्रस्तुत लेखकाला सर्वांत गंभीर वाटते. तिच्याकडे वळण्यापूर्वी मैदानात प्रत्यक्ष काय आहे ते पाहणे आवश्यक आहे.

कळप आणि मैदान

पॉर्क्युपाइन कॅरिबू कळप हा उत्तर अमेरिकेतील मोठ्या कळपांपैकी एक आहे. (त्याचे नाव साळिंदरावरून नव्हे, त्या नावाच्या नदीवरून आले आहे.) १९८९ मध्ये त्यात सुमारे १ लाख ७८ हजार जनावरे होती, २००१ मध्ये सुमारे १ लाख २३ हजार, तर २०१७ मध्ये सुमारे २ लाख १८ हजार. ही चढउतार नैसर्गिक आहे. हिवाळ्यात कळप दक्षिणेकडे आणि कॅनडात विखुरतो. वसंतात गाभण माद्या शेकडो मैल चालून बहुतेक वर्षी या मैदानात येतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात वितात. कारणे व्यवहार्य आहेत. त्याच सुमारास तेथे ‘कापूसगवता’चे पौष्टिक कोंब फुटतात, लांडगे, अस्वले, गरुड डोंगरपायथ्याशी अधिक असतात, मैदानात कमी, आणि पुढे डासांचे थवे उठले की समुद्रावरचा वारा दिलासा देतो. पुरेसे हिम न वितळल्याने माद्यांना अलीकडेच विणे भाग पडते त्या वर्षी पाडसे कमी जगतात, असे निरीक्षण आहे.

समर्थकांचा प्रतिवाद येथे ऐकण्यासारखा आहे. प्रूडो उपसागराच्या परिसरातील मध्य आर्क्टिक कळप १९७० च्या दशकात सुमारे पाच हजारांचा होता. तेलउद्योग आल्यावर तो घटला नाही, उलट २०१० च्या सुमारास सत्तर हजारांवर गेला. (२०१६ मध्ये तो पुन्हा सुमारे बावीस हजारांवर आला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.) तेव्हा तेल आणि कॅरिबू एकत्र नांदू शकतात, हे विधान सरसकट खोटे म्हणता येणार नाही. परंतु त्या कळपातील पाडसांसह असलेल्या माद्या रस्ते व नलिकांपासून काही किलोमीटर दूर सरकल्या, हेही अभ्यासांनी दाखविले आहे. तेथे सरकायला जागा होती. १००२ क्षेत्रात डोंगर समुद्राच्या बरेच जवळ येतात, मैदान अरुंद आहे, आणि कळप कितीतरी मोठा. दूर सरकायचे म्हणजे लांडग्यांच्या पायथ्याकडे सरकायचे. एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे लागू करताना भूगोल विसरता कामा नये.

असाच प्रकार ‘फक्त दोन हजार एकर’ या आकड्याचा. २०१७ च्या कायद्याने जमिनीवरील बांधकामाला दोन हजार एकरांची मर्यादा घातली. पंधरा लाखांपैकी दोन हजार, म्हणजे विमानतळाएवढी जागा, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ही मर्यादा खडीचे चौथरे, धावपट्ट्या, आणि नलिकेच्या आधारखांबांनी व्यापलेली जागा एवढ्यापुरती आहे. खांबांवरून मैलोगणती जाणारी नलिका तीत मोजली जात नाही. जाळ्याचे क्षेत्रफळ केवळ दोऱ्यांच्या जाडीवरून काढावे, तसे हे गणित आहे.

हिवाळ्यात बर्फाचे रस्ते बांधून काम करायचे आणि उन्हाळ्यात ते वितळू द्यायचे, हे तंत्र निश्चितच प्रगत आहे. मात्र त्याला पाणी लागते, आणि या मैदानात खोल तळी कमी आहेत. शिवाय थंडीचा भरवसा उरलेला नाही. उत्तर अलास्कात गोठलेल्या भूमीवर अवजड वाहने नेण्याची मुभा १९७० च्या सुमारास वर्षाकाठी दोनशेहून अधिक दिवस असे; २००० च्या दशकाच्या आरंभी ती सुमारे एकशेवीस दिवसांवर आली होती. १९८४ आणि १९८५ च्या हिवाळ्यांत येथे भूकंपलहरींच्या साहाय्याने तेलशोध झाला. तेव्हा विहीर नव्हती, रस्ता नव्हता. फक्त बर्फावरून साखळीचाकांची वाहने फिरली. पंचवीस वर्षांनंतरही त्या वाटांचे काही भाग जमिनीवर ओळखू येत होते.

दोन गावे

मैदानाच्या उत्तर टोकाला, एका बेटावर, काक्टोविक हे जेमतेम तीनशे वस्तीचे इन्यूपिअॅट लोकांचे गाव आहे. अभयारण्याच्या दक्षिण सीमेवर आर्क्टिक व्हिलेज हे ग्विचिन लोकांचे गाव आहे. बाहेरच्या वाचकाला दोघेही ‘मूळनिवासी’ वाटतात. या प्रश्नावर मात्र ते समोरासमोर उभे आहेत.

इन्यूपिअॅट लोकांचे जीवन मुख्यत: समुद्रावर, देवमाशाच्या शिकारीवर आधारलेले. तेलाच्या मालमत्तेवरील करातून, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्थ स्लोप बरोने शाळा, दवाखाने, नळपाणी आणले. काक्टोविकमधील अनेकांचा उत्खननाला पाठिंबा आहे, सर्वांचा नव्हे. त्यांच्या भूमिकेला ‘विकले गेले’ म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल. १९४७ नंतर लष्कराच्या धावपट्टीसाठी आणि रडारकेंद्रासाठी हे गाव तीनदा हलविण्यात आले. तेव्हा कोणी त्यांच्या निसर्गाची चिंता वाहिली नव्हती. आता दूरच्या शहरांतून कोणी येऊन त्यांचे परसदार ‘निर्जन’ म्हणून जपू लागले, तर त्यांना राग येणे स्वाभाविक आहे.

ग्विचिन लोकांची अलास्का व कॅनडात मिळून सुमारे पंधरा गावे आहेत. त्यांचे अन्न, वस्त्र, गाणी आणि विधी कॅरिबूभोवती गुंफलेले आहेत. विण्याच्या मैदानाला ते ‘जेथे जीवनाचा आरंभ होतो ते पवित्र स्थान’ म्हणतात. स्वत: तेथे शिकारीलाही जात नाहीत. १९८८ मध्ये सर्व गावांचे लोक आर्क्टिक व्हिलेजमध्ये जमले आणि त्यांनी उत्खननाला एकमुखाने विरोध करण्याचे ठरविले. १९७१ च्या भूमीसमझोत्यात आर्क्टिक व्हिलेज आणि व्हेनेटाय या गावांनी रोख भरपाई नाकारून जमीनच स्वीकारली होती, हे येथे आठवावे.

आता मघाची अडचण स्पष्ट होते. २५१ अब्ज डॉलर वीस-बावीस कोटी प्रौढांवर पसरून १,१४१ ही सरासरी निघते. काही हजार ग्विचिन त्या भागाकारात दिसेनासे होतात. त्यांच्यातील जे कॅनडात राहतात ते तर छेदात नाहीतच, कारण ते अमेरिकन नागरिक नाहीत. कळप मात्र दोन्ही देशांचा आहे आणि त्याच्या संरक्षणासाठी १९८७ मध्ये उभय देशांत करारही झाला आहे. आणि ‘किती घेऊन सोडाल?’ या प्रश्नाला ‘कितीही दिले तरी नाही’ हे उत्तर आले, तर सरासरी काढण्याची क्रियाच कोलमडते. पद्धतीचे अभ्यासक अशा उत्तरांना ‘निषेधाची उत्तरे’ म्हणतात आणि बऱ्याचदा विश्लेषणातून वगळतात. वगळले जातात ते नेमके ज्यांचे सर्वाधिक पणाला लागले आहे, ते लोक. काक्टोविकचेही तसेच : मिळणाऱ्या दवाखान्याचे त्यांना असलेले मोल राष्ट्रीय सरासरीत उमटत नाही.

बाजाराने दिलेले उत्तर

डिसेंबर २०१७ मध्ये करकपातीच्या कायद्यात सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांच्या पुढाकाराने अखेर अनुमती आली. सात वर्षांत दोन लिलाव, प्रत्येकी किमान चार लाख एकरांचा, बंधनकारक करण्यात आले. उत्पन्न केंद्र आणि राज्य यांत निम्मेनिम्मे. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने दहा वर्षांत केंद्राच्या वाट्याला सुमारे १.१ अब्ज डॉलर येतील असा अंदाज केला. करकपातीने पडणारा खड्डा अंशत: भरून काढणारी रक्कम, या नात्याने ती विधेयकात बसविली गेली.

पहिला लिलाव ६ जानेवारी २०२१ रोजी झाला. २२ भूखंडांपैकी ११ भूखंडांना, सुमारे साडेपाच लाख एकरांना, बोली आली. एकूण रक्कम १ कोटी ४४ लाख डॉलर, म्हणजे एकरी सरासरी सुमारे २६ डॉलर. किमान बोली होती २५. एकाही मोठ्या तेलकंपनीने भाग घेतला नाही. नऊ भूखंडांवर बोली लावली ती अलास्का राज्याच्याच औद्योगिक विकास महामंडळाने. राज्याने एका खिशातून दिलेल्या पैशांतील निम्मे त्याच्याच दुसऱ्या खिशात परत यायचे होते, हा योगायोग गमतीचा खरा. उरलेल्या दोन लहान कंपन्यांनीही पुढे आपले पट्टे सोडून दिले. महामंडळाचे पट्टे २०२३ मध्ये बायडन प्रशासनाने रद्द केले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने ती कारवाई बेकायदा ठरविली. दुसऱ्या लिलावाची मुदत ६ जानेवारी २०२५ रोजी संपली, तेव्हा एकही बोली आलेली नव्हती.

या निकालाचे श्रेय कोणाला द्यावे? उत्खननाचे समर्थक म्हणतात, बायडन प्रशासनाच्या अटी जाचक होत्या. दुसऱ्या लिलावापुरते त्यात तथ्य आहे. पहिला लिलाव मात्र पूर्णपणे अनुकूल प्रशासनाने, आपल्या अटींवर घेतला होता. करोनाकाळातील पडलेले भाव, प्रतिष्ठेची भीती, २०१९ च्या अखेरीपासून मोठ्या अमेरिकन बँकांनी आर्क्टिक उत्खननाला कर्ज न देण्याचे जाहीर केलेले धोरण, आणि टेक्सासमध्ये काही महिन्यांत तेल देणाऱ्या शेलविहिरींचा पर्याय, हे सारे एकत्र आले. दहा वर्षांनी मिळणाऱ्या शंभर डॉलरचे आजचे मूल्य सात टक्के दराने सुमारे ५१ डॉलर होते. तीस वर्षांनी मिळणाऱ्याचे अवघे १३. तेल निघण्यास जितका विलंब, तितका लाभ आटतो. २५१ अब्जांचा आकडा आणि एकरी २६ डॉलरची बोली यांतील दरी प्रामुख्याने या काळाने आणि जोखमीने निर्माण केली आहे.

निर्णय फिरविता येणे

१९७४ मध्ये केनेथ ॲरो आणि ॲन्थनी फिशर यांनी दाखविले की, एक पर्याय परत फिरविता येण्याजोगा असेल, दुसरा नसेल, आणि भविष्याविषयी अनिश्चितता असेल, तर थांबण्यालाच स्वतंत्र आर्थिक मूल्य असते. कारण थांबणाऱ्याला नवी माहिती वापरता येते. यावर एक प्रामाणिक आक्षेप संभवतो. जग तेलाकडून अन्य ऊर्जेकडे वळत असेल, तर आज न काढलेले तेल उद्या मातीमोल ठरेल. मग थांबण्याचीही हानी आहेच. तर्क निर्दोष आहे. मात्र तो मान्य केला, तर वीस वर्षांनी बाजारात येणाऱ्या आणि तोवर मातीमोल होऊ घातलेल्या तेलासाठी आज गुंतवणूक का करावी, हा प्रश्न त्याच तर्कातून उभा राहतो. शिवाय आर्क्टिक प्रदेश १९७९ पासून जागतिक सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत आहे. अलास्का नलिकेचे अनेक खांब उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांनी सज्ज आहेत, पायाखालची भूमी गोठलेली राहावी म्हणून.

राज्य सरकारची घाई याच नलिकेमुळे आहे, आणि ती समजून घेतली पाहिजे. १९८८ मध्ये तीतून दररोज सुमारे २० लाख पिंपे वाहत. अलीकडे पाच लाखांहूनही कमी वाहतात. तेल तेव्हा चार-साडेचार दिवसांत वॅल्डीझला पोहोचे, आता अडीच आठवडे लागतात. संथ तेल वाटेत थंड होते, त्यातील मेण साचते, पाणी गोठण्याचा धोका वाढतो. प्रवाह फारच घटला तर नलिका बंद करावी लागेल. तेलाच्या उत्पन्नातून १९७६ मध्ये उभारलेला कायम निधी १९८२ पासून प्रत्येक रहिवाशाला वार्षिक लाभांश देत आला आहे. अलास्कातील मतदाराला हा विषय अमूर्त नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते, उपलब्ध पुराव्यावरून १००२ क्षेत्रातील उत्खनन परवडणारे नाही. मात्र ‘तेल फारच थोडे आहे’ हे त्याचे कारण नव्हे. ते कारण उद्या एखाद्या मोठ्या शोधाने खोटे पडू शकते. कारण हे की, लाभ अनिश्चित, दूरचा आणि अन्यत्रही मिळण्याजोगा आहे. हानी मात्र ठरावीक लोकांची, ठरावीक जागेची आणि भरून न येणारी आहे. काक्टोविकच्या दवाखान्याचा प्रश्न याने सुटत नाही. तो केंद्र सरकारने तेलाशी न जोडता सोडवावयास हवा होता, आणि तो तसा सोडविला गेला नाही, हे अभयारण्याच्या रक्षणकर्त्यांचेही अपयश आहे.

४ जुलै २०२५ रोजी संमत झालेल्या कायद्याने पुढील दहा वर्षांत या मैदानात किमान चार लिलाव घेणे बंधनकारक केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये गृहखात्याने संपूर्ण १५ लाख ६० हजार एकर त्यासाठी खुले करण्याचा निर्णय जाहीर केला. १९८७ ची शिफारस १९९५ मध्ये, २००५ मध्ये, २०१७ मध्ये आणि आता पुन्हा विचारार्थ घेता आली, ती तेल जमिनीखाली जागच्या जागी होते म्हणून.